दुवा जोडला, तरी तक्ता जुनाच

इमारतीच्या ड्रॉइंगवर रेषांइतकेच महत्त्व तक्त्यांना असते. दारे-खिडक्यांचे शेड्यूल, कॉलमची मापे, सळयांचा हिशेब म्हणजे साइटच्या भाषेत बीबीएस, मंजुरीसाठी द्यायचे क्षेत्रफळाचे विवरण, हे सगळे आकडे बहुतेक कार्यालयांत आधी एक्सेलमध्ये तयार होतात आणि मग ऑटोकॅडमध्ये येतात. हाताने उतरवून घेताना चुका होतात. त्या टाळाव्यात म्हणून ऑटोडेस्क कंपनीने ऑटोकॅडच्या २००८ च्या आवृत्तीत ‘डेटा लिंक’ ही सोय दिली. ड्रॉइंगमध्ये तक्ता घालण्याची स्वतंत्र सोय त्याआधी, २००५ च्या आवृत्तीत आली होती. आता तो तक्ता एक्सेलच्या फाइलशी जोडता येऊ लागला. सोय उपयोगी आहे यात शंका नाही. पण तिच्याबद्दलच्या तक्रारीही ठरलेल्या आहेत. एक्सेलमध्ये आकडा बदलला तरी ड्रॉइंगमध्ये जुनाच दिसतो. शेवटची ओळ गायब होते. दोन दशांश स्थळे हवी असताना सहा येतात. काल तक्त्यात हाताने केलेली दुरुस्ती आज सापडत नाही. आणि जिथे वजन यायला हवे तिथे #### अशी नक्षी उमटते. यावर सर्रास केला जाणारा इलाज एकच: तक्ता पुसायचा आणि दुवा पुन्हा जोडायचा. त्याने काही दिवस भागते, कारण नवा दुवा जोडताना ताजे आकडे आपोआप येतात. मूळ कारण तसेच राहते आणि पुढच्या रिव्हिजनला तेच दुखणे परत उभे राहते.

हे सगळे बिघाड वेगवेगळे वाटले तरी त्यांच्या मुळाशी एकच गैरसमज असतो, असे माझे म्हणणे आहे. जोडलेल्या तक्त्यातून आपण एक्सेलची फाइलच पाहतो आहोत असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो तक्ता सातबाराच्या उताऱ्यासारखा असतो. उतारा ज्या दिवशी काढला त्या दिवसाची नोंद त्यावर असते; दप्तरात पुढे फेरफार झाला म्हणून हातातला कागद बदलत नाही, नवा उतारा काढावा लागतो. ऑटोकॅडच्या फाइलमध्ये तक्त्याचा सगळा मजकूर नक्कल करून साठवलेला असतो. सोबत तो कुठून आणला याचे टिपण असते: कोणती फाइल, कोणते शीट, शीटचा कोणता भाग, आणि आकडे कोणत्या रूपात घ्यायचे. एक्सेलची मूळ फाइल डिस्कवरून उडवली तरी ड्रॉइंगमधला तक्ता जसाच्या तसा दिसतो आणि छापलाही जातो, एवढ्यावरूनच ती नक्कल आहे हे कळावे. हे एकदा ध्यानात आले की ‘लिंक चालत नाही’ या मोघम वाक्याची जागा नेमके प्रश्न घेतात. नक्कल शेवटची कधी काढली? ती योग्य फाइलवरून काढली का? जेवढी हवी तेवढीच काढली का? आणि काढताना आकड्यांचे रूप बदलले का?

पहिल्या प्रश्नावरच निम्मी माणसे अडखळतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. ऑटोकॅड वापरणाऱ्यांच्या अपेक्षा एक्सरेफने घडवलेल्या आहेत. एका ड्रॉइंगला दुसरे ड्रॉइंग एक्सरेफ म्हणून जोडले, की फाइल उघडताना त्याची डिस्कवरची ताजी प्रत वाचली जाते. डेटा लिंकचे तसे नाही. तिला ‘डेटालिंकअपडेट’ ही आज्ञा द्यावी लागते, किंवा इन्सर्ट टॅबवरचे ‘डाउनलोड फ्रॉम सोर्स’ हे बटण दाबावे लागते. मूळ फाइल बदलल्याची सूचना म्हणून पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटा फुगा येतो. तो यावा की नाही हे ‘डेटालिंकनोटिफाय’ या चलावर ठरते. त्याची किंमत २ असेल तर फुगा येतो, ० असेल तर काहीच कळत नाही. फुग्यांना वैतागून कुणीतरी कधीतरी हे चल शून्यावर नेऊन ठेवलेले असते आणि नंतर त्या संगणकावर बसणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. त्यातच आणखी एक साधी गोष्ट विसरली जाते. ऑटोकॅड डिस्कवर सेव्ह झालेली फाइल वाचते. शेजारच्या पडद्यावर एक्सेल उघडे आहे, नवा आकडा डोळ्यांना दिसतो आहे, पण सेव्ह केलेले नाही, तर तो आकडा ऑटोकॅडच्या लेखी अस्तित्वातच नाही. एखाद्या चौकटीत कर्सर लुकलुकत ठेवून, एंटर न दाबता अपडेट मागितले तर एक्सेल स्वतःच अडून बसते आणि दोष मात्र ऑटोकॅडच्या माथी जातो.

आता दुसरा प्रश्न, फाइलच्या पत्त्याचा. दुवा जोडताना पूर्ण मार्ग, सापेक्ष मार्ग आणि मार्गाशिवाय नुसते नाव असे तीन पर्याय मिळतात. पूर्ण मार्गात ड्राइव्हच्या अक्षरापासून सगळे फोल्डर येतात. फाइल एखाद्याच्या वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असेल तर त्या मार्गात त्या माणसाचे विंडोजवरचे नावही येते, म्हणजे तेच ड्रॉइंग दुसऱ्याच्या संगणकावर उघडताच पत्ता चुकला. सर्व्हरचे सामाईक फोल्डर एकाकडे ‘झेड’ ड्राइव्ह आणि दुसऱ्याकडे ‘पी’ ड्राइव्ह म्हणून जोडलेले असेल तरी हेच होते. सापेक्ष मार्ग ड्रॉइंग जिथे आहे तिथून मोजला जातो, त्यामुळे प्रकल्पाचे अख्खे फोल्डर हलवले तरी तो टिकतो. मात्र ड्रॉइंग आधी सेव्ह केलेले हवे, नाहीतर मोजणार कुठून? ड्रॉइंग बाहेर पाठवताना ‘ईट्रान्समिट’ वापरले तर जोडलेल्या एक्सेल फाइलही पुडक्यात घालण्याचा पर्याय त्याच्या सेटिंगमध्ये असतो. तो न पाहताच डीडब्ल्यूजी तेवढी मेल केली जाते, आणि पलीकडच्याला तुटलेला दुवा मिळतो.

पत्ता चुकून काहीच आले नाही, तर निदान कळते तरी. दुसऱ्याच फाइलवरून व्यवस्थित अपडेट होणे याहून घातक असते. प्रत्येक प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल शेवटची’ अशी भावंडे नांदत असतात. शिवाय विंडोज फाइलनावाची शेपटी मुळात लपवूनच ठेवते, त्यामुळे जुनी ‘एक्सएलएस’ आणि नवी ‘एक्सएलएसएक्स’ अशा एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी असल्या तर नाव वाचून फरक कळत नाही. यासाठी सोपी चाचणी आहे. आपल्याला जी फाइल मूळ वाटते तिची आधी एक प्रत बाजूला ठेवावी. मग तिच्यातल्या, तक्त्यात दिसणाऱ्या भागातल्या एका चौकटीत चुकून येणारच नाही असा आकडा, समजा ९९९९९, लिहावा, सेव्ह करावे आणि ड्रॉइंगमध्ये अपडेट द्यावे. आकडा तक्त्यात आला तर पत्ता बरोबर आहे, दुखणे पुढे कुठेतरी आहे. आला नाही तर आपण समजतो ती फाइल जोडलेलीच नाही. दोन मिनिटांत बिघाडाचे अर्धे क्षेत्र बाद होते. तक्ता पुसून पुन्हा जोडण्यात मात्र हे ज्ञान कायमचे हरवते, कारण चुकीचा पत्ता कोणता होता ते पुसण्याबरोबरच पुसले जाते. (चाचणीनंतर ९९९९९ काढून टाकायला विसरू नये, हे सांगायला नको; तरी सांगितलेले बरे.)

तिसरा प्रश्न व्याप्तीचा, आणि खरे नुकसान इथे होते असे मला वाटते, कारण इथली चूक आवाज करत नाही. समजा बीबीएसचा तक्ता एक्सेलमध्ये ए५ पासून एच२४ पर्यंत आहे आणि दुवा जोडताना हीच व्याप्ती टाइप केली. पुढे स्ट्रक्चरल इंजिनीअरने एका बीममध्ये जादा सळया सुचवल्या म्हणून मधे एक नवी ओळ घातली. एक्सेलने खालच्या सगळ्या ओळी एकेक घर खाली सरकवल्या, स्वतःच्या बेरजेची सूत्रेही जुळवून घेतली. ऑटोकॅडजवळच्या टिपणात मात्र ‘ए५ ते एच२४’ हीच अक्षरे आहेत आणि ती बदलणारे कुणी नाही. पुढच्या अपडेटला नवी ओळ येते, आणि चोविसाव्या जागेवरून पंचविसाव्या जागी गेलेली शेवटची ओळ बाहेर राहते. शेवटी एकूण वजनाची ओळ असेल तर तिची अनुपस्थिती लगेच डोळ्यात भरते. ज्या कार्यालयात एकूण वजन तक्त्याच्या माथ्यावर लिहितात तिथे काय घडते ते पाहा: एकूण वजन बरोबर येते, मधली नवी ओळ दिसते म्हणून तपासणाराही खूश होतो, आणि शेवटच्या सळईची ओळ साइटवर पोचतच नाही.

व्याप्ती चुकण्याचा हा प्रकार ड्राफ्टिंगच्या टेबलापुरता मर्यादित नाही. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० साली सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्या संबंधावर एक गाजलेला निबंध लिहिला होता. २०१३ साली थॉमस हर्न्डन, मायकेल अ‍ॅश आणि रॉबर्ट पॉलिन यांनी त्याची मूळ एक्सेल फाइल तपासली, तेव्हा इतर आक्षेपांबरोबर असे दिसले की सरासरीचे सूत्र ३० ते ४९ या ओळींऐवजी ३० ते ४४ एवढ्याच ओळींवर चालले होते. त्यामुळे ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश हिशेबाबाहेर राहिले. सूत्राने कोणतीही तक्रार केली नव्हती. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून सुटल्याचे उघडकीस आले. माहिती जुन्या एक्सएलएस स्वरूपाच्या फाइलीत भरली जात होती आणि त्या स्वरूपात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. त्यापुढच्या ओळी नुसत्याच गळून पडल्या. नक्कल अपुरी राहिली तरी ती नीटनेटकी दिसते, आणि नीटनेटक्या दिसणाऱ्या तक्त्यावर कुणी संशय घेत नाही.

यावर उपाय म्हणजे व्याप्तीला अक्षरांऐवजी नाव देणे. एक्सेलमध्ये तो भाग निवडून त्याला ‘बीबीएस_बीम’ असे एखादे नाव द्यायचे आणि डेटा लिंकमध्ये ते नाव निवडायचे. हे नाव एक्सेलच्या फाइलीत राहते, त्यामुळे मधे ओळ घातली की एक्सेल स्वतः त्याची हद्द वाढवते आणि ऑटोकॅडला वाढलेली हद्द मिळते. पण इथेही एक खाच आहे. शेवटच्या ओळीच्या खाली नवी ओळ लिहिली तर ती नावाच्या हद्दीबाहेर असते, आणि माणसे नव्या नोंदी बहुधा खालीच लिहितात. म्हणून अनुभवी लोक तक्त्याच्या तळाशी एक बारीक रिकामी ओळ ठेवून तीही नावाच्या हद्दीत घेतात आणि नवी नोंद कायम तिच्या वर घालतात. ‘पूर्ण शीट जोडा’ हा पर्याय या कटकटीतून सोडवणारा वाटतो. मात्र मग शीटच्या कोपऱ्यात कुणी केलेला कच्चा हिशेबही ड्रॉइंगवर येतो. तो पर्याय घ्यायचाच तर त्या तक्त्यासाठी वेगळे, स्वच्छ शीट ठेवावे. आणि शीटचे नाव बदलू नये, कारण दुवा त्या नावालाही बांधलेला असतो.

आकड्यांच्या रूपाचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा, म्हणून त्याचे एक उदाहरण जवळून पाहू. आपल्याकडे सळईचे दर मीटर वजन काढताना व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागण्याची रीत आहे. १२ मिलिमीटरच्या सळईसाठी १४४ भागिले १६२, म्हणजे ०.८८८८८... किलो. एक्सेल आतमध्ये सुमारे १५ अंकांपर्यंतची अचूक किंमत ठेवते आणि चौकटीत दोन दशांश स्थळे मागितली असतील तर ०.८९ दाखवते. एकूण लांबी ४,५०० मीटर असेल तर एक्सेलमधले वजन बरोबर ४,००० किलो येते. तक्ता ड्रॉइंगवर आला, साइटवरच्या सुपरवायझरने छापील ०.८९ ला ४,५०० ने गुणले, तर उत्तर येते ४,००५. पाच किलोंचा फरक तसा किरकोळ आहे, पण बिलाच्या वेळी तोच फरक ‘ड्रॉइंग चुकले’ या वादाचे निमित्त होतो. इथे ऑटोकॅडचा दोष नाही, दुव्याचाही नाही. दिसणारा आकडा आणि असणारा आकडा हे दोन आहेत, आणि छापील कागदावर फक्त दिसणारा जातो. हा वाद नको असेल तर एक्सेलमध्येच राउंड हे सूत्र वापरून किंमत खरोखर दोन स्थळांवर आणावी आणि पुढचा गुणाकार तिच्यावर करावा. नुसते फॉरमॅट बदलून हे काम होत नाही.

दुवा जोडताना चौकटीतल्या मजकुराबद्दल तीन पर्याय येतात: फॉरमॅट आणि सूत्रे दोन्ही ठेवा, फॉरमॅट ठेवा पण सूत्रे एक्सेलमध्येच सोडवा, किंवा सगळ्याचा साधा मजकूर करून टाका. पहिला पर्याय मोहक असतो, कारण सूत्रे ड्रॉइंगमध्येही जिवंत राहतील असे वाटते. पण ऑटोकॅडच्या तक्त्याला बेरीज, सरासरी, मोजणी आणि साधी समीकरणे यांच्यापलीकडे फारसे गणित येत नाही. व्हीलुकअपसारखे सूत्र त्याच्यापुढे ठेवले तर तो ते सोडवू शकत नाही आणि #### दाखवतो. इथे आणखी एक घोळ होतो. एक्सेलमध्ये हीच चिन्हे दिसली तर स्तंभ अरुंद आहे असा अर्थ असतो; स्तंभ रुंद केला की आकडा दिसू लागतो. ऑटोकॅडमध्ये त्यांचा अर्थ आहे की सूत्राचे किंवा फील्डचे उत्तर काढता आले नाही. एक्सेलची सवय असलेला माणूस ऑटोकॅडमध्येही स्तंभ ओढत बसतो आणि काही उपयोग होत नाही. माझ्या मते ड्रॉइंगवर जाणाऱ्या तक्त्यासाठी दुसरा पर्याय घ्यावा, आणि आकडे जसे दिसतात तसेच उतरणे महत्त्वाचे असेल तर तिसरा. पहिल्याची गरज क्वचितच पडते.

काही बिघाड तर दुवा जोडण्याआधीच, एक्सेलमध्येच झालेले असतात आणि दिसतात मात्र ड्रॉइंगवर. ग्रिडच्या ओळी १ आणि २ मधले कॉलम दाखवायला कुणी ‘१-२’ असे इंग्रजी अंकांत टाइप केले, की भारतीय तारखांच्या सेटिंगवर चालणारे एक्सेल ते १ फेब्रुवारी समजते. पाऊण इंची पाइपसाठी लिहिलेल्या अपूर्णांकाचीही अशीच तारीख होते. जनुकांची नावे अशा रीतीने तारखांत बदलत असल्यामुळे मानवी जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० साली काही नावेच बदलून टाकली, इतका हा त्रास जुना आणि चिवट आहे. ड्रॉइंगच्या तक्त्यात त्यावर इलाज सोपा आहे: असा स्तंभ लिहायला घेण्याआधी त्याचे फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करावे. मराठी तक्त्यांचे दुखणे वेगळे. एक्सेलमध्ये युनिकोडमध्ये लिहिलेले ‘दरवाजा’ ऑटोकॅडच्या एसएचएक्स फॉन्टमध्ये गेले की प्रश्नचिन्हांची रांग होते, कारण त्या फॉन्टात देवनागरी अक्षरेच नसतात. तक्त्याच्या टेक्स्ट स्टाइलला मंगलसारखा ट्रूटाइप फॉन्ट द्यावा लागतो. युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेल्या जुन्या फाइली असतील तर त्यांत मुळात रोमन अक्षरेच साठवलेली असतात, ती फक्त मराठी दिसतात. फॉन्ट बदलताच निरर्थक रोमन मजकूर उघडा पडतो. तिथे दुवा दुरुस्त करण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. मजकूरच युनिकोडमध्ये आणायला हवा.

हाताने केलेली दुरुस्ती नाहीशी का होते, याचे उत्तरही आता अवघड नाही. जोडलेल्या चौकटींना ऑटोकॅड मुळातच कुलूप लावते. कर्सर नेला तर कुलूप आणि साखळीचे चिन्ह दिसते. घाईच्या वेळी कुणीतरी राइट क्लिक करून कुलूप काढतो, आकडा बदलतो, प्रिंट देतो. पुढच्या अपडेटला एक्सेलमधला आकडा त्यावर येऊन बसतो. हा बिघाड म्हणता येणार नाही. नक्कल पुन्हा काढली की तिच्यावर पेनाने केलेली खाडाखोड येणार नाहीच. उलट दिशेने, म्हणजे ड्रॉइंगमधला बदल एक्सेलमध्ये लिहिण्याचीही सोय आहे, आणि दुवा जोडताना मूळ फाइलमध्ये लिहिण्याची परवानगी दिली असेल तर ती चालते. मला ही सोय धोक्याची वाटते. एका आकड्याचे दोन मालक झाले की कुणाचा आकडा खरा हे ठरवायला तिसरा माणूस लागतो. परवानगी काढून टाकावी, आणि बदल फक्त एक्सेलमध्ये करायचा असा कार्यालयाचा नियम असावा. दिसण्याच्या बाबतीत मात्र उलटी वाटणी बरी: अक्षरांची उंची, रेषांची जाडी, रंग हे सगळे ऑटोकॅडच्या टेबल स्टाइलकडे. ‘एक्सेलच्या स्वरूपानुसार तक्ता अद्ययावत ठेवा’ हा पर्याय चालू राहिला तर ड्रॉइंगमध्ये निगुतीने बसवलेली रचना प्रत्येक अपडेटला विस्कटते.

यावर असे म्हणता येईल की एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा तक्ता साधा पेस्ट करावा. दुवाच नसेल तर तुटणार काय? हा आक्षेप अर्धा खरा आहे. ड्रॉइंग एकदा सही होऊन साइटवर गेले की त्यातला तक्ता गोठलेलाच असायला हवा. जुन्या रिव्हिजनची फाइल दोन वर्षांनी कुणी उघडली आणि फुगा पाहून सहज अपडेट दिले, तर त्या दिवशी साइटला काय दिले होते याचा पुरावाच बदलतो. म्हणून दिलेल्या रिव्हिजनच्या प्रतीत दुवा तोडून ठेवणे, ऑटोकॅडच्या भाषेत ‘डिटॅच’ करणे, शहाणपणाचे आहे. पण काम चालू असताना पेस्ट केलेल्या तक्त्याला आपण कुठून आलो हेच ठाऊक नसते. तो जुना झाला आहे की नाही हे विचारायलाही जागा उरत नाही. दुव्याने निदान पत्ता तरी जपलेला असतो.

दुसरा आक्षेप ओएलईचा. एक्सेलमधून कॉपी करून ओएलई वस्तू म्हणून चिकटवली तर डबल क्लिक करताच एक्सेल उघडते, मग तीच खरी जोडणी नव्हे का? ती जोडणी जास्त जिवंत भासते हे खरे. पण ड्रॉइंगच्या दृष्टीने ते एक चित्र असते. त्याच्या ओळी ऑटोकॅडला कळत नाहीत, टेबल स्टाइल लागू होत नाही, मोठे शीट अर्धेच दिसते, आणि छपाईत अक्षरांचा दर्जा वेगळा येतो. एक्सेल नसलेल्या संगणकावर ते नुसते चित्रच उरते. न्यायाने सांगायचे तर डेटा लिंकलाही त्या संगणकावर एक्सेल बसवलेले लागतेच. एक्सेल नसेल तर तक्ता दिसतो, पण अद्ययावत होत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. रेव्हिटसारख्या बीआयएम सॉफ्टवेअरमध्ये दारांचे शेड्यूल मॉडेलमधल्या दारांवरूनच तयार होते. दार पुसले की शेड्यूलमधली ओळ जाते. मग एक्सेलचे हे जुने लोढणे कशाला? जे आकडे चित्रातूनच निघू शकतात त्यांच्यासाठी हे म्हणणे पूर्ण मान्य आहे, आणि ऑटोकॅडमध्येही ‘डेटाएक्स्ट्रॅक्शन’ने ब्लॉकच्या अ‍ॅट्रिब्यूटवरून तक्ता काढता येतो. दारांची संख्या ड्रॉइंगमध्ये एकदा आणि एक्सेलमध्ये दुसऱ्यांदा मोजणे हाच मूळ दोष आहे. पण दर, पुरवठादार, स्ट्रक्चरल सल्लागाराने स्वतःच्या प्रोग्रॅममधून काढलेली सळयांची यादी, असे कितीतरी आकडे चित्राबाहेर जन्मतात आणि तिथेच बदलतात. त्यांची नक्कल कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये आणा, ती कधीची आहे हा प्रश्न सुटत नाही.

इथे सॉफ्टवेअरलाही मोकळे सोडता येत नाही. तक्ता शेवटचा कधी अद्ययावत झाला हे ऑटोकॅड कागदावर आपणहून छापत नाही, ही मोठी उणीव आहे. ती आपल्यालाच भरून काढावी लागते: जोडलेल्या व्याप्तीच्या पहिल्या ओळीतच रिव्हिजन क्रमांक आणि तारीख लिहिलेली चौकट ठेवावी, म्हणजे ती तक्त्यासोबत ड्रॉइंगवर येईल आणि टायटल ब्लॉकमधल्या रिव्हिजनशी ताडून पाहता येईल. तारीख हाताने टाइप करावी. तिथे टुडे हे सूत्र घातले तर एक्सेल फाइल उघडेल तेव्हा ते त्या दिवसाची तारीख दाखवेल, मग आकडे सहा महिने जुने का असेनात.

चालू प्रकल्पातले एखादे ड्रॉइंग आजच उघडून पाहा. डेटालिंक ही आज्ञा द्या, यादीतल्या प्रत्येक दुव्यावर क्लिक करून त्याचा पूर्ण मार्ग आणि व्याप्ती वाचा, आणि एक्सेलमधली शेवटची ओळ तक्त्यातल्या शेवटच्या ओळीशी लावून बघा. प्रिंट द्यायची आहे ती त्यानंतर द्या.